मी मातीला, लॅपटॉप ड्युटीवर

“सिल्विया मॅडम, हा मंगळवार बघा. सकाळी आठ पन्नास ते संध्याकाळी सहा, जवळजवळ सलग. असं पाहिजे!” एचआरच्या कीर्ती मॅडम स्क्रीनवर माझा तक्ता दाखवत खुशीत म्हणाल्या. शेजारच्या चौकोनात माझे मॅनेजर देशमुख सर मान डोलावत होते.

मंगळवारी मी राजोडीला काकांच्या मातीला गेले होते.

हे कसं झालं ते सांगते. मी अठरा वर्षं विमा कंपनीत आजारपणाचे क्लेम तपासते. ऑफिस अंधेरीला, घर भुईगावला. गेल्या वर्षी मम्मी ओट्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. तिला उठवायला-बसवायला घरात मी एकटीच. म्हणून सहा महिने घरून काम करायची परवानगी घेतली. ती वाढवायची की काढून घ्यायची, यासाठीच ही मीटिंग होती. परवानगी गेली असती तर मला राजीनामाच द्यावा लागला असता.

घरून काम म्हणजे व्हीपीएन आला. म्हणजे आपल्या लॅपटॉपपासून ऑफिसच्या कम्प्युटरपर्यंत इंटरनेटमधूनच काढलेली कुलूपबंद वाट. दुसऱ्या कुणाला आत डोकावता येत नाही. इथवर ठीक. पण आमच्या एचआरने त्या वाटेचंच मस्टर करून टाकलं. व्हीपीएन जोडलेला असेल तर तुम्ही हजर. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त तुटला की हाफ डे!

आणि आमच्याकडची लाइट! जायची पाच-सात मिनिटंच, पण जायची. घरात इन्व्हर्टर आहे, केबलवाल्याचा डबा मात्र खांबावर, त्याला कुठला इन्व्हर्टर? लाइट आली की नेट यायचं, पण व्हीपीएन आपणहून जोडायचा नाही. बटण दाबायला मी हवी. मी तेव्हा मम्मीला धरून बाथरूममध्ये. दोन महिन्यांत सहा हाफ डे झाले. नेट नसतानाही मी आधी उतरवून ठेवलेली कागदपत्रं वाचत होते आणि लाइन आली की निकाल भरत होते. पण ते कोण बघतंय?

मी देशमुख सरांना फोन केला. “सर, मी काम करतेय हो.”

“मला माहितीये गं. पण सिस्टीम दाखवत नाही ना.”

डोकंच फिरलं माझं. म्हटलं, सिस्टीम दाखवत नाही काय? थांबा, दाखवते.

आधी आयटीच्या नितीनला मेल टाकला, व्हीपीएन आपोआप जोडायची सोय केली तर चालेल का? उत्तर आलं, “कंपनीच्याच लॅपटॉपवर करा, पासवर्ड फाइलीत लिहून ठेवू नका. मग चालेल.” तो मेल मी जपून ठेवला.

रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आले आणि बसले. स्क्रिप्ट म्हणजे कम्प्युटरला लिहून दिलेली कामाची चिठ्ठी. माझी नऊ ओळींची होती. व्हीपीएन जोडलेला आहे का बघ, नसेल तर जोड. विंडोजमध्ये टास्क शेड्युलर नावाची सोय असते, ती ठरल्या वेळी ठरलेलं काम करते. तिला सांगितलं, ही चिठ्ठी दर मिनिटाला वाच. पासवर्ड विंडोजच्याच तिजोरीत ठेवला. पहिल्यांदा काही चाललं नाही. चिठ्ठी नेट यायच्या आधीच जोडायला बघायची आणि अडकायची. मग दहावी ओळ घातली, आधी नेट आहे का ते बघ. राउटरची पिन उपटली, परत लावली. नेट आलं आणि मिनिटभरात जोडला! मी एकटीनेच टाळ्या पिटल्या. लॅपटॉप झोपला की व्हीपीएन तुटतो, म्हणून त्याची झोपही बंद केली.

त्यानंतर एकही हाफ डे लागला नाही.

आणि त्या मंगळवारी लॅपटॉप चालू करते न करते तोच राजोडीहून फोन आला. काका पहाटे गेले होते, माती चार वाजता. मोबाइलवरून रजा टाकली, सरांनी लगेच मंजूर केली. शेजारच्या लीनाला मम्मीजवळ बसवलं आणि निघाले. लॅपटॉप टेबलावर तसाच चालू राहिला, सहाला परत येऊन मी बंद केला. दिवसात दोनदा लाइट गेली म्हणे. पठ्ठ्याने दोन्ही वेळा स्वतःला जोडून घेतलं.

तर आता मीटिंगमध्ये कीर्ती मॅडम त्याच मंगळवाराचं कौतुक करत होत्या. तेवढ्यात सरांचा चॅटवर मेसेज आला, “चांगलं चाललंय. गप्प बस.”

बसणार होते मी, खोटं कशाला सांगू? मम्मी पलीकडे खाटेवर होती. पण ते सहा हाफ डे आठवले आणि राग डोक्यात गेला.

“मॅडम, मंगळवारी मी मंजूर रजेवर होते. व्हीपीएन लॅपटॉपने स्वतःच जोडला.”

कीर्ती मॅडमचा चेहरा बदलला. “म्हणजे तुम्ही सिस्टीमला फसवलंत?”

“आयटीचा मेल आहे माझ्याकडे, आत्ता पाठवते. मंगळवारी मी किती क्लेम तपासले ते उघडा.”

त्यांनी उघडलं. “शून्य.”

“आता हाफ डे लावलेला कुठलाही दिवस उघडा.”

त्यांनी तारीख बदलली. “बावीस.”

“दुसरा?”

“पंचवीस.”

“सर, टीममध्ये रोजचे किती होतात?”

देशमुख सर म्हणाले, “वीसेक.”

“म्हणजे मी काकांच्या कबरीत मूठभर माती टाकत होते तेव्हा हजर. आणि इथे बसून बावीस क्लेम तपासले तेव्हा गैरहजर! मॅडम, दोन्ही तुमच्याच तक्त्यात आहे. परवानगी द्यायची नसेल तर नका देऊ. पण मी काम करत नाही, हे कारण लिहायचं नाही. ते मी चालू देणार नाही.”

पलीकडून मम्मी ओरडली, “सांग त्यांना, तो लॅपटॉप नुसता बसला होता! लीनाने फडकं मारलं त्याच्यावर!” माइक चालूच होता.

दहा दिवसांनी पत्र आलं. परवानगी सहा महिने वाढली. घरून काम करणाऱ्यांची हजेरी यापुढे क्लेमवरून धरणार. सहातले चार हाफ डे मागे घेतले. उरलेले दोन म्हणे त्याच्याही आदल्या महिन्यातले, आता बदलता येत नाहीत. त्यासाठी मी दोन मेल केलेत, सोमवारी तिसरा जाईल. त्याच पत्रात खाली एक ओळ होती, व्हीपीएन आपोआप जोडायला बंदी. चालेल. आता मी हाताने बटण दाबते.

मी शिकले ते एवढंच. आपल्या फायद्याचा खोटा आकडा आधी आपणच खोडावा. नाहीतर तोट्याचा खोटा आकडा समोर आला की भांडायला तोंड राहत नाही.