कौतिकअक्काचा गळा

अक्का गेल्याची बातमी मला भाजीवाल्याने दिली. जळगावात आमच्या कॉलनीच्या तोंडाशी सकाळी एक हातगाडी उभी राहते. तिच्या दांडीला छोटा स्पीकर लटकत असतो आणि गेलं वर्षभर त्यावर बहुतेक वेळा अक्काच गात असते. त्या दिवशी आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. मी भरताची वांगी निवडत होते. "ताई, हाई बाई आज वारनी," स्पीकरकडे मान उडवत तो म्हणाला, "काय गळा व्हता!" ती माझी मावसबहीण आहे हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मी वांगी तोलून घेतली, एक किडकं निघालं ते बदलूनही घेतलं, घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली आणि मग तिथेच फरशीवर बसले... पारोळ्याहून तिच्या मुलाचा, दिनेशचा, निरोप त्यानंतर आला.

त्यालाही आता काही आठवडे झाले. या दिवसांत कौतिकअक्कावर पुष्कळ लिहून आलं. कोणी तिला मातीतली कोकिळा म्हटलं, कोणी खान्देशची माय. भोळी, प्रेमळ, निगर्वी... हे शब्द वाचताना मला हसू येत होतं. माझी अक्का यांतली काहीच नव्हती. ती कठोर बाई होती आणि तिच्या वाट्याला जे आलं तेही तितकंच कठोर होतं. ते तसंच सांगावं म्हणून हे लिहिते आहे.

शिंदखेड्याजवळचं आमचं गाव. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी लिंबाला झोके बांधून गाणी म्हणायच्या. अक्का म्हणायची आणि आम्ही बाकीच्या मागून ओढायचो. ती गायला लागली की पलीकडच्या आळीतल्या बायका भाकरी तव्यावर टाकून ऐकत उभ्या राहत आणि घरोघर भाकरी करपत. पारोळ्याला तिचं लग्न झालं. नवरा ढोलकी वाजवणारा, त्यामुळे गाणं सुटलं नाही. पुढे कॅसेटचा जमाना आला आणि धुळ्याच्या एका कॅसेटवाल्याने तिची अहिराणी गाणी काढली. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत तीच वाजायची. कव्हरवर तिचा फोटो, खाली 'आणि साथीदार'. त्या साथीदारांत मी होते.

एकदा पारोळ्यात कानबाई देवीच्या उत्सवातल्या कार्यक्रमात वरची ओळ म्हणताना माझा आवाज तिच्यापेक्षा चढला. समोरच्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. अक्काने गाणं न थांबवता, हसऱ्या चेहऱ्याने, माझ्या माइकवर तळवा ठेवला आणि गाणं संपेपर्यंत उचलला नाही. नंतर पदराने मान पुसत सहज म्हणाली, "शालू, गानं तुना बापनं बी नही. तू आपली मास्तरीन व्हय." मी मास्तरीण झाले. जळगावातल्या शाळेत लेकरांना बाराखडी शिकवत निवृत्त झाले. त्या वाक्याचा राग माझ्या मनातून कधी गेला नाही आणि तिच्या आवाजाचं वेडही कधी गेलं नाही. दोन्ही एकाच घरात, पाठीला पाठ लावून राहत आले.

मग डीजे आले. लग्नातून बायकांचं गाणं गेलं, कॅसेटी भंगारात गेल्या, अक्काचा नवराही वारला. दिनेशच्या घरी ती दारात बसून मशेरी लावत असायची. कोणी गाण्याचं नाव काढलं तर शिव्या द्यायची. जाणारी-येणारी पोरं तिला ओळखत नव्हती आणि ते तिला फार लागायचं.

ईशान तिच्या दारात आला तो या काळात. पुण्यातला, रॉक बॅंडवाला, गिटार वाजवणारा, दुसऱ्यांचे अल्बम करून देणारा. त्याच्या आजोबांची धरणगावला कापसाची जिनिंग होती, ती कधीच बंद पडलेली. तिथली आवराआवर करताना त्याला अक्काची एक कॅसेट मिळाली आणि ती ऐकून तो गाडी काढून थेट पारोळ्याला आला. मी तेव्हा तिच्याकडेच गेलेले होते. अक्काने त्याच्या दंडावरचं गोंदण बघितलं, केसांची शेंडी बघितली आणि विचारलं, "तू पोऱ्या का पोर?" मुलगा की मुलगी, असं. तो हसला नाही. "अक्का, मला तुमचं गाणं पाहिजे," म्हणाला. "ढोलकी नको, पेटी नको. तुमचा आवाज आणि माझी गिटार." अक्काने पिंक टाकली आणि तिथेच, बसल्या जागी, एक लग्नातलं गाणं उचललं. आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता. खाली उतरला होता, कडा खरखरीत झाल्या होत्या, मध्येच फाटत होता. मला ऐकवेना. ईशानच्या डोळ्यांत मात्र पाणी उभं राहिलं होतं. "हा असा आवाज कुठल्याच मशीनने आणता येत नाही," तो म्हणाला.

जिनिंगच्या रिकाम्या गोदामात गाद्या टांगून त्याने स्टुडिओ उभा केला. हिवाळ्याचे दिवस होते. अक्काने हट्टाने मला सोबत नेलं, पाणी द्यायला आणि शाल धरायला. गाणं जमत होतं, हे कबूल केलं पाहिजे. त्याची गिटार तिच्या आवाजामागे दबकत यायची आणि एकदम वीज कोसळावी तशी कोसळायची. अक्का त्याला अधूनमधून फटकारायची, "माले शिकाडू नको, तू मना मांगे चाल." आणि तो चालायचा. कित्येक वर्षांनी मी तिला गाण्याआधी वेणी घालताना पाहिलं.

निम्मी गाणी झाली असतील, तेव्हा एके दुपारी भाकरीचा घास तिच्या घशात अडकला. तो निघाला, पण गिळताना दुखतंच आहे म्हणून दिनेश तिला धुळ्याला डॉक्टरकडे घेऊन गेला. तपासण्या झाल्या. स्वरयंत्राचा कॅन्सर होता. ती खरखर वयाची नव्हती, मातीची तर मुळीच नव्हती. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, आणि थांबायला वेळ नाही. आवाज जाईल, पण बाई वाचतील.

दुसऱ्या दिवशी ती धरणगावला आली आणि गोदामाच्या अंगणात सगळ्यांसमोर तिने हे सांगून टाकलं. दिनेश रडत होता. मी तिचा हात धरला होता. ईशानने गळ्यातला हेडफोन काढून हातात घेतला. मग त्याने विचारलं, "आवाज अजून किती दिवस राहील?"

मी आयुष्यात बरेच निर्दय प्रश्न ऐकले आहेत, पण असा नाही. दिनेश उठून त्याच्या अंगावर गेला. अक्का मात्र हसली. खरोखर, मोकळं हसली. "बठ्ठासमा ह्यालेच गानं समजस," सगळ्यांत यालाच गाणं कळतं, असं ती म्हणाली. मी तिला विनवलं, ओरडले, पायाही पडले. "गळा दीसन जगीसन काय करू वं?" गळा देऊन जगायचं कशाला, असं तिने मला विचारलं. "तुनासारखी भाजी निवडू?" अल्बम पुरा झाल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं तिने ठरवलं. त्या घरात अक्काने ठरवलेलं कोणी बदललेलं नव्हतं.

पुढचे आठवडे मला आठवायला नको वाटतात. तिला गिळवत नव्हतं, ती पेजेवर होती. आवाज दिवसागणिक चिरत चालला होता आणि ईशान त्या चिरांवर खूश होता. चांगली झालेली ओळही तो पुन्हा म्हणायला लावायचा, कारण पुन्हा म्हटली की ती अजून फाटायची. माइकसमोर एक काळी जाळी असते. एका ओळीला अक्का खोकली आणि त्या जाळीवर काहीतरी उडालं. काळ्यावर लाल दिसत नाही. दुसऱ्या दिवशी तिथे नवी जाळी होती. जुनी मला दाराबाहेरच्या कचऱ्यात सापडली, बोटाने पुसली तेव्हा कळलं. म्हणजे त्यालाही कळलं होतं. मी ती त्याच्यासमोर धरली. तो म्हणाला, "मावशी, थांबवायचं का ते तुम्ही अक्कांना विचारा. मी रोज विचारतो." अक्का पलीकडून ऐकत होती. तिने नुसता हात उडवला, चला म्हणून.

शेवटच्या गाण्यात एक वरची ओळ होती आणि ती काही केल्या तिला लागेना. ती तुम्ही म्हणाल का, असं ईशानने मला विचारलं. मी हेडफोन चढवला आणि ती ओळ म्हटली. वयाच्या मानाने बरीच स्वच्छ लागली. अक्काने हेडफोन लावून ती ऐकली, पुन्हा एकदा ऐकली, माझ्याकडे बघितलं... मला वाटलं, आता तरी. "पुसी टाक," ती ईशानला म्हणाली. त्याने माझ्यादेखत पुसून टाकली. मग तिने ती ओळ स्वतः घेतली. स्वर अर्ध्यावर मोडला, उरलेली नुसती हवा निघाली. आज लोक ज्या जागेला डोळे पुसतात, ती ही जागा.

ऑपरेशन झालं तोवर रोग मानेतल्या गाठींत उतरला होता. अक्का शुद्धीवर आली तेव्हा गळ्याला भोक होतं आणि श्वास तिथून ये-जा करत होता. तिने तोंड उघडलं, ओठ हलवले, आणि काहीच आलं नाही. तिच्या चेहऱ्यावर मी भीती पहिल्यांदा पाहिली. सगळं सांगितलेलं होतं, तिनेच ठरवलेलं होतं, तरी तिला ते खरं वाटलं नसावं.

ती घरी आली आणि अल्बमही आला. तिकडे गळ्यातली नळी रोज धुवायची आणि इकडे गल्लीतल्या प्रत्येक मोबाइलमधून तिचा आवाज. लग्नांत, रिक्षांत, रसवंतीवर. जी पोरं तिला ओळखत नव्हती ती दारात येऊन फोटो काढू लागली. जाणकारांनी लिहिलं की या आवाजात पिढ्यांची वेदना आहे. तो आवाज सडत होता, इतकंच मला माहीत होतं. अक्का ती कौतुकं दिनेशकडून वाचून घ्यायची आणि पुन्हा वाच म्हणून खुणावायची.

धुळ्यात तिचा सत्कार ठरला. मैदानावर मोठा मांडव, ईशानचा सगळा बॅंड. त्या संध्याकाळी आयोजकांपैकी एकजण दिनेशला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, आम्ही रेकॉर्डिंग लावतो. अक्कांनी नुसते ओठ हलवले तरी चालेल. लोकांना कुठे कळतंय?" अक्काने ते ऐकलं आणि मान डोलावली. हिरवं लुगडं, ठसठशीत कुंकू, गळ्याला रेशमी रुमाल. ती माइकसमोर उभी राहिली, गाणं सुरू झालं, मैदान उसळलं. तिने ओठ हलवले नाहीत. कडवं सुरू झालं तरी ती तशीच. मग तिने रुमाल सोडला, माइक काढून हातात घेतला आणि गळ्याच्या भोकाला लावला.

लाकडावर करवत चालावी तसा आवाज मैदानभर झाला. आत... बाहेर... आत... बाहेर. वरून तिचंच गाणं चालू होतं. ड्रमवाल्याचे हात थांबले. ईशानने गाणं बंद केलं आणि मग नुसता तो श्वास उरला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी तोंडावर पदर ओढले, एक लेकरू रडायला लागलं. मागून कोणीतरी शिटी मारली, मागच्यांना वाटलं हा गाण्याचाच भाग. आणि सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या. अक्का त्यांच्याकडे बघत होती. तिला काय हवं होतं मला ठाऊक नाही, पण टाळ्या नक्कीच नको होत्या. माइक तिने जमिनीवर टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी ईशान पारोळ्याला आला. डोळे सुजलेले होते. तो तिच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "अक्का, कालचं रेकॉर्ड झालंय. तो श्वास... मला तो अल्बमच्या शेवटी पाहिजे." दिनेशने जवळची काठी उचलली. अक्काने हात आडवा धरून त्याला थांबवलं. मग ईशानकडे पाहून तिने मान हलवली, हो म्हणून. तो आता अल्बमच्या शेवटी आहे. मी ऐकलेला नाही. त्या मुलाला मी माफ केलेलं नाही, पण तिच्या चितेपाशी त्याच्याइतकं कोणी रडलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. त्याचं तिच्या आवाजावर प्रेम होतं. गळा कोणाचा, हा प्रश्न त्याला पडला नाही, आणि तिलाही पडला नाही.

शेवटच्या महिन्यांत तिने एक सवय लावून घेतली होती. रोज सकाळी चहाच्या वेळी ती मला मिस्ड कॉल द्यायची आणि मी उलटा फोन लावायचा. दिनेशने मोठ्या अभिमानाने तिच्या फोनला अल्बममधल्या पहिल्या गाण्याची कॉलर ट्यून लावून ठेवली होती. मी फोन लावला की आधी अक्का गायची. मग ती फोन उचलायची, गाणं तुटायचं आणि कानाशी नुसता श्वास यायचा. मी बोलत राहायचे. शेजारणीचं भांडण, शेंगांचा भाव, गुडघा. पटलं की ती नखाने फोनवर टकटक करायची. एकदा न राहवून मी म्हटलं, "अक्का, ती ट्यून काढायला सांग ना दिनेशला, मला ऐकवत नाही." पलीकडे टकटक झाली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती फोन आणखी उशिरा उचलायला लागली. मुद्दाम. मला पूर्ण कडवं ऐकवून मगच.

दिनेश तो फोन अजून चार्ज करून तिच्या खाटेशेजारच्या फळीवर ठेवतो. काल सकाळी चहा ठेवला आणि मी नंबर लावला. अक्का गायला लागली. कडवं झालं, ती थांबली नाही. कडवं पुन्हा सुरू झालं. चहा उतू जाऊन गॅस विझला, तरी मी फोन कानाला धरून उभी होते.