आमच्यात गाडी मागं घेत नाहीत

आमच्या घरात पहिली चारचाकी आली, तेव्हा ती बनवणारी कंपनी वारलेली होती.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. गेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये, असं आमचे बाबा म्हणतात. आणि चांगलं बोलायचं, तर मला ते दुसऱ्या कोणाकडून तरी लिहून घ्यावं लागेल. दिसायला मात्र गाडी झोकात होती. जीपपेक्षा लहान, मोटारीपेक्षा उंच, मागच्या दाराला स्टेपनी लटकवलेली. नवं शतक नुकतंच लागलं होतं आणि आर्वीच्या बाजारात असली गाडी दुसरी नव्हती. (का नव्हती, याचा विचार आम्ही करायला हवा होता.)

मी मुळातच अस्वस्थ माणूस. दुकानात गादीवर बसलो तरी माझा एक पाय पायरीवर. त्यात धाकट्या बहिणीसाठी, सुनीसाठी, स्थळं पाहणं चाललेलं. एसटीनं जाऊन, कपड्यांवर धूळ घेऊन, लोकांच्या ओसरीवर बसायचं आणि मनात परतीच्या गाडीची वेळ घोकायची, हे मला सहन होईना. गाडी पाहिजे, असा मी घरात ध्यास घेतला. नवी झेपत नव्हती. तेवढ्यात कळलं की सावंगीच्या मेडिकल कॉलेजात शिकायला आलेला एक डॉक्टर शिक्षण संपवून आपल्या गावी चाललाय आणि गाडी काढून टाकतोय. मी दुसऱ्याच दिवशी बाबांना घेऊन निघालो.

इथं आमच्या धंद्याबद्दल सांगायला हवं. आमचं भांड्यांचं दुकान आहे. बाबांचा उभा जन्म पितळ, तांबं आणि स्टीलमध्ये गेला. भांडं घ्यायचं तर ते हातात तोलायचं, बोटाच्या पेरानं वाजवायचं, कान लावून नाद ऐकायचा आणि मग बोलायचं, ही आमच्या घराण्याची पद्धत. आंधळ्यालाही पारख करता येईल, असं बाबा म्हणत. तर बाबांनी ती गाडी वाजवून घेतली.

आधी बॉनेट वाजवलं, मग चारही दारं. टपासाठी डॉक्टरकडून स्टूल मागवलं. तो बिचारा आपल्या रुग्णांना छाती ठोकून तपासणारा माणूस. त्याला यात काही वावगं वाटलं नसावं.

"पत्रा पाह्य, विन्या," बाबा स्टुलावरून म्हणाले. "आताच्या गाड्याईले असा पत्रा नाई. गंज आहे, गंज!" (आमच्यात गंज म्हणजे मोठं जाड पातेलं. लोखंडाला लागतो तो गंज खालच्या बाजूला होता. तो आम्ही नंतर पाहिला.)

"रिव्हर्स थोडा सख्त है, अंकल," डॉक्टर म्हणाला. "आदत हो जाएगी."

"नाद मस्त आहे," बाबा म्हणाले.

गाडी फाटकाकडे तोंड करून उभी होती. आम्हाला तो शुभशकुन वाटला. चावी फिरवली आणि सरळ आर्वीला आलो. वाटेत मी तीनदा शीळ घातली, आणि घरी येऊन गाडी दुकानाशेजारच्या बोळात थाटात घातली.

ती निघेचना.

रिव्हर्स सख्त नव्हता. रिव्हर्स नव्हताच. दांडा त्या जागी जायचा, आतून कर्रर्र असा आवाज यायचा आणि गाडी जागच्या जागी थरथरायची. बाबा दुपारी झोपलेले पाहून मी मेकॅनिकला बोलावलं. आम्ही दोघांनी ढकलून गाडी बोळाबाहेर काढली आणि त्यानं खाली वाकून पाहिलं.

"आतला पार्ट गेला, भाऊ. कंपनीतून बोलवा लागते," तो म्हणाला.

"मंग बोलव ना."

"कंपनी कुठं आहे आता?"

"कुठं गेली?"

त्यानं हातातला पाना आभाळाकडे केला.

ही गोष्ट घरात दोघांनाच माहीत होती. एक मी, दुसरी माझी बायको मंदा. बाबांना सांगायची सोय नव्हती, कारण पत्रा कसा वाजवून घेतला हे त्यांनी तोवर अख्ख्या बाजाराला सांगून टाकलं होतं. मंदा म्हणाली, "राहू द्या. पुढं तं जाते ना? आपल्याले कुठं मागं जा लागते?"

तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. कुठंही निघायचं म्हटलं की आधी डोक्यात नकाशा: आत शिरायचं कुठून, वळायचं कुठं, बाहेर पडायचं कसं. लग्नाच्या मांडवात मी नवरदेवाआधी पटांगण पाहायचो. एकदा सासुरवाडीला, रोहण्याला, निघालो आणि बोलण्याच्या नादात गावाचं वळण मागे पडलं. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना वावरं. वळायला जागा शोधत शोधत आम्ही पुलगावला पोचलो, तिथं चौक पाहून वळलो आणि परत रोहण्याला आलो. उशीर का झाला असं सासूबाईंनी विचारलं, तेव्हा मंदा म्हणाली, "याईले तुमच्यासाठी पुलगावचा पेढा घ्याचा होता." पेढा आम्ही घेतला नव्हता. तो मला पुढच्या खेपेला न्यावा लागला.

अशात सुनीला कारंज्याचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर. पाहायला आला तेव्हा स्वयंपाक येतो का, असं त्यानं विचारलंच नाही. पुढं शिकायचं आहे का, असं विचारलं. ट्रे घेऊन आत गेलेली सुनी रिकाम्या ट्रेकडे पाहून हसत होती, हे मी स्वतः पाहिलं. आधीची तीन स्थळं मोडल्यावर ती पहिल्यांदा अशी हसली. आता आम्ही मुलाचं घर पाहून यायचं आणि मग सोयरिक पक्की करायची, एवढंच राहिलं होतं. अडचण एकच, मुलाचे मोठे काका. नामदेवकाका म्हणजे त्या घरातलं अखेरचं कोर्ट. दुसऱ्या एका मुलीकडच्या लोकांनी मिरवत आणलेली जीप भाड्याची निघाली, म्हणून त्यांनी ते स्थळ चहा प्यायच्या आत फिरवलं होतं. "खोटेपणा नाई खपत आपल्याले," हे त्यांचं वाक्य कारंज्यापासून आर्वीपर्यंत प्रसिद्ध होतं.

निघताना सुनी गाडीच्या खिडकीशी आली. "दादा, तू तिथं गाडीबद्दल जास्त बोलू नको. आणि हे मोडून येजो नको."

एसटीनं जाऊ, असं मी म्हणून पाहिलं. पण मंदा मागे बसलेली होती, आणि बाबा केव्हाच पुढच्या सीटवर बसून दार वाजवत होते.

माझा बेत पक्का होता. गाडी हायवेच्या कडेला लावायची आणि पायी गावात जायचं. पण नामदेवकाका हायवेवरच आमची वाट पाहत उभे. पांढरं धोतर, हातात काठी.

"इथं काऊन लावता? घरापाशी घ्या!"

"चालू ना, काका. पाय मोकळे होते."

"पाहुण्याले रस्त्यावरून पायी नेऊ का मी?"

आणि ते काठी उंचावून गाडीपुढे चालू लागले. मी मागून पहिल्या गिअरमध्ये, कसाबसा. बोळ उताराचा, दोन्हीकडे भिंती, आणि तो संपला थेट त्यांच्या अंगणात. अंगणाच्या पलीकडे तुराट्यांचं कुंपण. वळायला जागा? अंगणात तुळस, विहीर, बैलगाडी आणि कौतुकानं जमलेली भावकी. मी इंजिन बंद केलं आणि बुडालो असं समजून उतरलो.

पाहुणचार उत्तम झाला. बेसनाच्या पाटोडीचा रस्सा होता. मला त्याची चव आठवत नाही, कारण मी पूर्ण वेळ खिडकीतून कुंपणाची उंची पाहत होतो. दोनदा पाणी प्यायला उठलो आणि विहिरीभोवती चक्कर मारून आलो.

"पाहुणे बेचैन दिसून राह्यले," काका म्हणाले.

"त्याले विहिरीची आवड आहे," बाबा म्हणाले.

घर पाहून झालं, शेत पाहून झालं, पण काकांनी अजून होय म्हटलं नव्हतं. ते आम्हाला पोचवायला अंगणात आले. त्यांनी बॉनेटवर काठीनं हलकेच टक् केलं. "पत्रा भारी आहे," ते म्हणाले, आणि बाबांचा चेहरा उजळला. "पण मी ऐकलं, ही कंपनी बुडाली म्हणते?"

"कंपनी बुडाली, गाडी नाई," बाबा म्हणाले.

"बरं. घ्या मागं."

गाडी मागे घ्यायची म्हटली की गावातले सगळे पुरुष मागे जाऊन उभे राहतात. तसे ते राहिले. कोणी डावीकडे हात दाखवतोय, कोणी उजवीकडे. "येऊ द्या, येऊ द्या," सुरू झालं. मी आत बसलो. आरसा नीट केला. आरसा पुसला. दांडा रिव्हर्सला लावून पाहिला. कर्रर्र. नामदेवकाकांनी भुवई वर केली. मला सुनीचा रिकामा ट्रे आठवला. बहिणीचं सुख माझ्या हौसेपायी त्या चढाच्या बोळात अडकलं होतं.

तेवढ्यात मागच्या सीटवरून मंदा डोक्यावरचा पदर सावरत खाली उतरली.

"काकाजी, एक सांगू का? आमच्यात शुभकार्याले निघालेली गाडी मागं घेत नाईत."

मागचे हात खाली आले. सगळ्यांत जास्त आश्चर्य बाबांना वाटलं.

"आपल्यात?" ते म्हणाले.

"मामाजी, तुम्हीच तं मले सांगतलं होतं," मंदा म्हणाली. (आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात.) "तुम्हाले सगळ्या रीती तोंडपाठ. मले कुठच्या माहीत!"

आता, रीतीभातीतला जाणकार असं बाबांना कोणी चारचौघांत म्हटलं, की त्यांच्याकडून नाही म्हणवत नाही. त्यांनी घसा साफ केला. मला वाटलं, ते फक्त मान हलवतील. पण बाबांनी दुकान उघडलं.

"आहे ना. जुनी रीत आहे. माह्या आज्याची दमणी होती. बैलगाडीच, पण बसाची. सोयरिकीले निघाली की पुढंच जाये. अहो, बैल मागं चालते का? मंग गाडी काऊन चालावं? एकदा माह्या काकानं दमणी मागं सारली, तं सोयरिक मोडली. हे असं, तोंडावर मोडली!"

बाबांना काका नव्हता. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

नामदेवकाकांनी काठीवर हनुवटी टेकली. मी स्टिअरिंगला धरून बसलो होतो.

"पटते," काका अखेर म्हणाले. "रीत पाळणारं घर आजकाल कुठं भेटते? मंग पुढूनच काढू. अरे, कुंपण काढा रे!"

"काका, एवढं कशाला..." मी म्हणालो.

"सोयरिक मोडाची आहे का तुम्हाले?"

मागे उभे असलेले सगळे पुढे आले आणि तुराट्यांचं कुंपण बघता बघता आडवं झालं. पलीकडे गोठा. ढोरं सोडली गेली. गोठ्यातून गाडी निघाली तेव्हा टपावर कडब्याची पेंढी आणि बाबांच्या मांडीवर शेण होतं. त्यापुढे संत्र्यांचा बगीचा. झाडांच्या ओळींमधून आम्ही हलत-डुलत चाललो, काका काठी उंचावून पुढे, भावकी मागे, आणि फांद्या खिडकीतून आत येऊन मंदाच्या मांडीवर संत्री टाकत होत्या. बगीचा संपला तो एका ढाब्याच्या मागच्या अंगाला. तिथं खाटेवर झोपलेल्या ट्रकवाल्याला खाटेसकट उचलून बाजूला ठेवलं. त्यानं डोळे उघडले, भट्टीशेजारून येणारी गाडी पाहिली आणि पुन्हा मिटले. मग एकदम हायवे लागला.

काकांनी खिडकीतून हात आत घालून बाबांचा, म्हणजे आता व्याह्यांचा, हात धरला. "इवाईबुवा, सोयरिक पक्की. अशा लोकाईची पोरगी नाई करा तं कुठची करा?"

घरी पोचलो तेव्हा सुनी दारातच उभी होती. पक्की झाली, म्हणून सांगितलं तर ती आधी रडली, मग टपावरची पेंढी पाहून विचारत बसली. मंदानं तिला आत नेऊन सगळं सांगितलं. आतून हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता. माझ्यावर हसत होत्या, पण मला काही वाईट वाटलं नाही.

ती गाडी पुढं भंगारात गेली. (बाबांनी शेवटचं वाजवून दिली.) काही वर्षांनी मी नवी गाडी घेतली, जिवंत कंपनीची, आणि तिला रिव्हर्सला गाणं वाजणारा भोंगा मुद्दाम बसवून घेतला. सुनीच्या दिराचं लग्न निघालं, तेव्हा मी तो भोंगा कारंज्याला ऐकवायचाच असं ठरवून गेलो. बोळातून आत शिरताना छाती फुगलेली होती. परत निघताना सगळ्यांसमोर ऐटीत रिव्हर्स टाकला. गाण्याची पहिली ओळ वाजली.

नामदेवकाका काठी आडवी धरून गाडीमागे उभे.

"पाहुणे, शुभकार्य आहे. तुमच्यातच नाई ना चालत?"

त्यांनी बोट दाखवलं. तुराट्यांच्या जागी आता रुंद लोखंडी फाटक होतं. गोठा बाजूला सरकवलेला. बगीच्यातून मुरूम टाकलेला रस्ता थेट ढाब्यापर्यंत. "आता आमच्यातही कोणी घेत नाई," काका अभिमानानं म्हणाले. मी मदतीसाठी शेजारच्या सीटवर बसलेल्या बाबांकडे पाहिलं.

"काय बे विन्या," बाबा मनापासून चिडून म्हणाले, "आपल्या आज्याची रीत विसरला का?"

मी मुकाट्यानं पहिला गिअर टाकला. ती गाडी आजही माझ्याकडे आहे, रिव्हर्स लोण्यासारखा पडतो, पण शेजारच्या सीटवर बाबा असतात, आणि भोंग्यातल्या गाण्याची दुसरी ओळ कोणती, हे मला अजून माहीत नाही.