डावखुऱ्या वहिनींची डबी

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. चौथ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत खिडकीखाली एक लांब टेबल आहे. त्यावर वाकून एक बाई डाव्या हाताने सोल्डरिंग करते आहे. पन्नाशीच्या अलीकडची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. तिला सगळे वहिनी म्हणतात: वादक, हॉलचा मॅनेजर, लिफ्ट दुरुस्त करणारासुद्धा. खरं तर तसं म्हणायचा हक्क एकाच माणसाचा, तिच्या धाकट्या दिराचा. आणि नेमकं त्याच्या तोंडून ते ऐकलं की तिच्या कपाळाला आठी पडते.

वहिनी प्रीअँप पेडल बनवतात. वादक त्याला नुसतं डबी म्हणतात. व्हायोलिन किंवा गिटार मोठ्या हॉलमध्ये ऐकू यावी म्हणून वाद्याला आवाज टिपणारा एक छोटा पिकअप चिकटवतात. त्यातून येणारा आवाज अशक्त असतो, पत्र्यासारखा. वादकाच्या पायाशी ठेवलेली डबी त्याला बळ देते आणि लाकडाचा आवाज लाकडासारखा ठेवते. तिचं दुसरं काम भांडण मिटवण्याचं. गिटारचं पोट पोकळ असतं. स्पीकरचा आवाज त्यात शिरतो, तिथून परत स्पीकरमध्ये जातो, आणि बघता बघता सगळा हॉल हूंऽऽ करत घुमायला लागतो. हा फीडबॅक कापायला डबीवर एक नॉब असतो. पुढची सगळी हकिगत त्या एका नॉबची आहे.

पहिली डबी त्यांनी नवऱ्यासाठी केली. नवरा व्हायोलिन वाजवतो. एका कार्यक्रमाहून घरी येऊन तो म्हणाला होता, "आज मी व्हायोलिन नाही, पिंपाचं झाकण वाजवलं." वहिनी तेव्हा रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होत्या. जुन्या सुट्या भागांतून जमवाजमव करून त्यांनी डबी उभी केली. हात डावा, म्हणून नॉबही हाताला येईल तसा जोडला: डावीकडे फिरवला की फीडबॅक जास्त कापला जाणार, उजवीकडे कमी. बाकी जगात हे उलटं असतं. वहिनींनी डबीवर रंगाने तशा खुणा केल्या, डावीकडे 'जास्त', उजवीकडे 'कमी'. पुढची प्रत्येक डबी तशीच झाली, आणि वादकांनाही सवय लागली.

डब्या विकायचा दीर. त्याचं वाद्यांचं दुकान आहे आणि जिभेवर साखर आहे. एक दिवस एका गिऱ्हाइकाने वहिनींच्या टेबलावर निळी, चकचकीत डबी आणून ठेवली. वर सोनेरी अक्षरांत दिराचं नाव. वहिनींनी स्क्रू काढले. आत त्यांचंच काम होतं, तार न् तार. दिराने त्यांची डबी एका कारखान्याला देऊन हुबेहूब नक्कल करून घेतली होती.

त्या रविवारी जेवताना वहिनींनी विषय काढला. दीर हसला. "वहिनी, तुम्ही सोल्डरिंग करायचात, मी कुठे नाही म्हणतो? पण त्यात डिझाइन कसलं आलंय! डबीच तर आहे."

नवरा म्हणाला, "जाऊ दे ना. घरातलंच आहे."

"घरातलंच आहे, म्हणून तर," वहिनी म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी त्या जेवणाच्या टेबलावर सांगितली नाही. निळ्या डबीत तारा वहिनींच्या होत्या आणि खुणा जगाच्या. कारखान्याने आतली जोडणी जशीच्या तशी उचलली, पण वर छापताना नेहमीप्रमाणे उजवीकडे 'जास्त' छापलं. म्हणजे फीडबॅक कापायला जो नॉब फिरवेल, तो फीडबॅक वाढवेल. दुकानातले स्पीकर छोटे, तिथे हॉल घुमण्याचा प्रश्नच नव्हता. कुणाच्या लक्षात आलं नाही. तक्रारी आल्या की दीर म्हणे, हॉल भिकार असेल. तक्रार घेऊन कुणी वहिनींकडे आलं की त्या म्हणत, "ज्यांचं नाव आहे त्यांना विचारा." नवऱ्याला एवढंच कळत होतं की काहीतरी शिजतंय. "हिने डूख धरलाय," तो मित्रांना सांगायचा. "कशावर, ते विचारायची माझी छाती नाही."

वर्ष गेलं. मग दिराने गावोगावच्या दुकानदारांना बोलावून निळ्या डबीचा मोठा कार्यक्रम ठरवला. गिटार तो स्वतः वाजवणार. हॉल नेमका तो, जिथे हल्ली वहिनीच मिक्सरवर, म्हणजे आवाज सांभाळणाऱ्या यंत्रावर, बसतात. "साउंडला आपल्या वहिनी आहेतच," तो म्हणाला. खुर्च्या आहेतच, म्हणावं तसं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी पाहुणे जमायला लागले, तेव्हा वहिनींनी मिक्सरपाशी उभं राहून विचारलं, "भावोजी, एकदा पूर्ण आवाजात वाजवून बघता का?" चारचौघांसमोर तो हो म्हणणार नाही, हे ओळखूनच त्यांनी हे चारचौघांत विचारलं.

"वहिनी, तुम्ही फक्त आवाज सोडा. बाकीचं माझी डबी बघेल."

लोक हसले. वहिनीही हसल्या. विंगेत उभ्या असलेल्या नवऱ्याने ते हसू पाहिलं. "तेव्हाच समजलो," तो आता सांगतो, "आज धाकट्याचं काही खरं नाही."

दुसऱ्याच गाण्याला हॉल घुमू लागला. दीर हसत हसत खाली वाकला आणि त्याने नॉब 'जास्त'कडे फिरवला. आवाज चढला. आणखी फिरवला. पुढच्या रांगेने कान झाकले. कुणीतरी ओरडलं, "साहेब, विमान उतरवताय का?" वहिनींचं बोट मिक्सरवर, त्याच्या गिटारचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या फेडरवर होतं. खाली ओढला असता तर सगळं शांत झालं असतं. बोट हललं नाही.

"वहिनी!" दीर माइकवर ओरडला. "अहो, काहीतरी करा!"

वहिनींनी आपला माइक सुरू केला. "भावोजी, डावीकडे फिरवा."

"उजवीकडे 'जास्त' लिहिलंय!"

"लिहिलंय तुम्ही. तारा माझ्या आहेत. मी डावखुरी आहे."

त्याने डावीकडे फिरवला. हॉल गप्प झाला. मागच्या रांगेतून एका दुकानदाराने शांतपणे विचारलं, "मग डबी कुणाची म्हणायची?" दिराने उरलेलं गाणं वाजवलं. छान वाजलं. डबी चांगलीच होती.

ही गेल्या शनिवारची गोष्ट. आज अकराच्या सुमारास दीर वर आला. दुकानदार माल परत पाठवताहेत.

"बाहेरच्यांसमोर असं करायला नको होतं, वहिनी. घरात सांगायचंत."

"घरातच बोलले होते. तुम्ही म्हणालात, डबीच तर आहे."

"सूड घेतलात."

"घेतला."

बाहेरून नवऱ्याचा आवाज आला, "चहा टाकू का?"

"अहो, आपले दोनच कप टाका," वहिनी म्हणाल्या. मग दिराकडे वळल्या. "तारा मी बदलणार नाही. खुणा बदलेन. डावीकडे 'जास्त'. आणि तुमचं नाव खरवडून तिथे माझं."

"म्हणजे काय, 'वहिनी'?"

"वहिनी तुमच्यापुरती. डबीवर पूर्ण नाव, आडनावासकट. आणि खरवडायचं तुम्ही. इथे, या टेबलाशी बसून. मला आवाज ऐकायचाय."

"परवा आणतो परत आलेली खोकी," दीर म्हणाला.

"परवा नको. उद्याच आणा, नऊला."

तो हो म्हणून गेला. उद्या नऊ वाजता वहिनी इथे चौथ्या मजल्यावर टेबलाशी असतील. लिफ्ट उद्या दिवसभर दुरुस्तीसाठी बंद आहे. तशी सूचना तळमजल्यावर आठवडाभर लागलेली आहे.