भावाने बोलावलं होतं

“तुमचाच हाय की. मी आपली वापरते.”

खालच्या मजल्यावरच्या ताई हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणत. हातात मिक्सरचं भांडं असे, आणि बोलणं समोरच्या वहिनींशी चाललेलं असे. मिक्सर ताईंनी त्यांना कधीच देऊन टाकला होता. घरातली प्रत्येक वस्तू अशीच कुणाकुणाला देऊन झाली होती. नेली मात्र कुणीच नव्हती. ताई अमेरिकेला भावाकडे जातील तेव्हा ज्याची त्याने न्यायची, असं ठरलं होतं.

“चटणी फार फिरवू नका हो, माझी मोटर जाईल,” वहिनी दारातूनच म्हणत.

“न्हाय जात. चटणी उखळात कुटते मी. उखळ कोपऱ्यावरच्या काकूंचं हाय, त्या काय बोलत न्हाईत.”

माझ्या वाट्याला वेताची खुर्ची होती. “तुमाला वाचायला बरी पडंल, सर,” असं म्हणून त्यांनी ती मला दिली, आणि पुढची कित्येक वर्षं त्याच तिच्यात बसून शाळेच्या गणवेशांना काजं करत राहिल्या.

ताई मूळच्या बार्शीच्या. आई गेली तेव्हा भाऊ शाळेत होता. त्याला त्यांनीच वाढवलं, शिलाईवर इंजिनिअर केलं. पुढे नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. भाऊ तिकडचा नागरिक झाला आणि त्याने पहिलं काम केलं ते बहिणीला बोलावून घेण्यासाठी अर्ज करण्याचं. आईबापांना लवकर बोलावता येतं. भावंडांची रांग मात्र फार लांब. अर्ज ज्या दिवशी केला ती तारीख हाच आपला नंबर. कोणत्या तारखेपर्यंतचे अर्ज हातात घेतले, हे तिकडचं सरकार दर महिन्याला जाहीर करतं.

ते बघून सांगायचं काम माझं. महिन्यातून एकदा ताई जिना चढून येत, दारात उभ्या राहून विचारत, “सर, तारीख?”

कधी ती आठवडाभर सरकलेली असे, कधी तिथेच. एकदा तर ती मागे गेली. मला सांगवेना. ताई मात्र म्हणाल्या, “आमच्या बार्शीची एसटी उशिरा येती. पण उलटी कदी गेली न्हाय.”

ताईंनी दुसरी खुर्ची घेतली नाही, भिंतींना रंग दिला नाही. पोपडे दाखवले की म्हणत, “जाणाऱ्या माणसानं कशाला?” तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, बॅग भरून उंबऱ्यात बसलेलं. त्यांच्या घरात बसलं की आपण एखाद्या स्टेशनवर बसलोय असं वाटे.

भाऊबीजेला मात्र ते घर भरून जाई. पाटावर तांब्या, तांब्याला टेकवून फोन. पलीकडे भाऊ डोक्यावर टोपी म्हणून हातरुमाल धरून बसलेला. ताई फोनच्या काचेलाच कुंकू लावत, वर अक्षता टाकत आणि निरांजन ओवाळत.

“ताई, काही दिसत नाही. सगळं लाल झालंय.”

“गप बस. हलू नको.”

ते कुंकू फोनच्या कडेला वर्षभर अडकून असे.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी माझ्या लक्षात आलं, ताई तारीख विचारायला आल्या नव्हत्या. मीच सांगायला गेलो तर म्हणाल्या, “राहू द्या, सर. बगू नंतर.” शिलाईची घाई असेल असं मला वाटलं.

भाऊबीजेच्या संध्याकाळी आकाशकंदिलाचा दिवा बदलायला मी गच्चीवर गेलो. पश्चिमेला बीजेची कोर टेकत आली होती. पाण्याच्या टाकीजवळ ताई उभ्या होत्या, हातात ताम्हन. त्या चंद्राला ओवाळत होत्या.

भाऊ नसलेल्या बायका बीजेला चंद्राला ओवाळतात. आपल्याकडे हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. मी तिथेच थांबलो. ताम्हन खाली ठेवल्यावर विचारलं, “कधी?”

“गणपती उठले, त्याच आठवड्यात. झोपेतच गेला.”

“कुणाला बोलला नाहीत.”

“बोलून काय, सर? वहिनी मिक्सर सोडून देतील. काकू उखळ सोडतील. तशीच माणसं हायत ती. मग समदं परत माझं हुईल.” त्यांनी पदराने ताम्हनाची कड पुसली. “माझं म्हणून त्या घरात एकटी कशी बसू?”

अर्ज भावाचा होता. तो गेला, त्याच्याबरोबर अर्जही गेला. त्यांच्या भावजयीने तिकडून खास विनंती केली तर कधीकधी तो पुन्हा धरतात, असं मी वाचलं होतं. ते सांगितलं.

“ती भली हाय. म्हणाली मला तसं. पण तितं जाऊन मी ओवाळू कुणाला?”

कोर टाक्यांआड गेली तसे आम्ही खाली उतरलो.

त्यानंतर ताई पुन्हा दर महिन्याला विचारू लागल्या. जिना चढून नव्हे, खालीच, समोरच्या वहिनी दारात असताना. “सर, तारीख?”

“थोडी सरकली,” मी म्हणे.

“सरकंल की,” वहिनी म्हणत. “माझा मिक्सर तेवढा सांभाळा.”

“तुमचाच हाय. मी आपली वापरते.”

त्या वेळी ताईंच्या चेहऱ्याकडे मी बघत नसे.

उन्हाळ्यात ताई गेल्या. दोन दिवस ताप आला, एवढंच निमित्त. तेरावं गल्लीनेच केलं. घर रिकामं करायच्या दिवशी सगळे दारात उभे होते, पण कुणी आत जाईना. मिक्सर वहिनींच्या हातात दिला तेव्हा त्या म्हणाल्या, “माझा कुटला? त्यांचाच की,” आणि तो पोटाशी धरून रडल्या.

वेताची खुर्ची आता माझ्या खिडकीशी आहे. नवी घेतली का, असं परवा एका पाहुण्याने विचारलं. “खालच्या ताईंची आहे,” मी म्हणालो, “मी वापरतो.”

तारीख बघायची सवय गेलेली नाही. या महिन्यात ती एकदम बरीच पुढे गेली, ताईंच्या अर्जाचा दिवसही ओलांडून. फोन हातात घेऊन मी उठलो. जिन्याच्या तोंडाशी गेलो. खाली दाराला कुलूप दिसलं. मग परत येऊन त्यांच्या खुर्चीत बसलो.