तरसाची मान

तरसाला कुणी देखणं म्हणत नाही. पुढून उंच, मागून बसकं, चालताना लंगडल्यासारखं. प्राणिसंग्रहालयात आलेली माणसं वाघापुढे रेंगाळत आणि तरसाच्या पिंजऱ्यापाशी नाक मुरडून पुढे सरकत. तिथे जीव लावून थांबणारा माणूस एकच, तिथल्या तरसमादीचा राखणदार. सगळे त्याला तरसकाका म्हणत, आणि तो हे नाव पदवीसारखं मिरवी.

ती मादी आली तेव्हा डोळे न उघडलेलं पिल्लू होती. काकाने तिला बाटलीने दूध पाजलं, सदऱ्याच्या आत धरून ऊब दिली. ती मोठी झाल्यावर पिंजऱ्यात जायची मनाई झाली. मग रोज सकाळी तो जाळीशी बसून हाक मारी, "ये पोरी." ती येई, मान जाळीला टेकवी आणि तो बोटं घालून तिची आयाळ खाजवी.

संध्याकाळी घरी आला की बायकोचा प्रश्न ठरलेला. "जेवली का माझी सवत?"

"जेवली. तुझ्यासारखी ताटावर बसून कुरकुरत नाही."

"तिला कुठे रोज तुमचं तोंड बघत जेवायचं असतं!"

त्या वर्षी नव्या डॉक्टरीणबाई आल्या आणि रेबीजची लस टोचत पिंजऱ्यापिंजऱ्याने फिरू लागल्या. आधीचे डॉक्टर लांबून नळीने सुई फुंकायचे. ती तरसाच्या दाट केसांत कधी लागे, कधी नुसती अडकून पडे. बाईंची रीत निराळी होती. राखणदाराने जनावर जाळीशी बोलवायचं, खाजवत ठेवायचं आणि बाईंनी मांडीत सुई टोचायची.

काका आडवा आला. "आज नको, बाई. तिचा पाय दुखतोय."

पुढच्या खेपेला तिचं पोट बिघडलेलं होतं. त्याच्या पुढच्या खेपेला तिचा मूड नव्हता.

"काका, खरं काय ते सांगा," बाई म्हणाल्या.

"माझ्या हाताखाली तिला सुई टोचली, तर ती हा हात पुन्हा घेईल का?"

"रुसेल थोडी. रुसू द्या."

"तुम्ही टोचून निघून जाल, बाई. तिच्यापुढे रोज मला बसायचंय."

काकाचा शब्द तिथे जुना होता आणि बाई नवीन. "पुढच्या आठवड्यात मात्र नक्की," असं म्हणून त्या गेल्या.

तो आठवडा उजाडायच्या आतच एका सकाळी पिंजऱ्यामागच्या गटाराची जाळी कलंडलेली दिसली. चिखलात कुत्र्याची पावलं होती. तरसाच्या ओठाजवळ बारीक ओरखडा होता. तार लागली असेल, असं काकाने स्वतःला सांगितलं आणि गटाराची जाळी तारेने आवळली. बाईंच्या कानावर घालावं, असं एकदा मनात आलं. पण घातलं असतं, तर सुई त्याच दिवशी आली असती. तो गप्प राहिला. आठवडा आला तेव्हाही त्याने पायाचंच कारण सांगितलं.

ओरखडा भरून आला. पुढे बऱ्याच दिवसांनी तिने मांस हुंगून सोडलं. दुसऱ्या दिवशी तिचा खालचा जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली, मागचे पाय फरपटू लागले. बाईंनी पाहताक्षणी काकाला मागे ओढलं.

"कुत्रं चावलं होतं का हिला?"

काकाने गटाराकडे बोट दाखवलं.

"हात लावलात?"

"रोज लावतो."

बाईंनी त्याला नळाखाली उभं केलं. साबणाने तो हात धूत राहिला, धूत राहिला. "अजून?" त्याने विचारलं. "अजून," बाई म्हणाल्या. मग त्यालाच लसीच्या सुया टोचल्या. त्याने निमूट दंड पुढे केला.

आता तिला एकच औषध उरलं होतं, कायमच्या झोपेचं. बाईंनी लांब दांड्याला सुई बसवली. "पण ती जाळीशी येईल का?"

"माझ्या हाकेला येईल."

"हात आत घालायचा नाही, काका."

काकाने झाडूचा दांडा घेतला. "ये पोरी."

ती पाय ओढत आली. तिने मान जाळीला टेकवली. काकाने दांड्याच्या टोकाने तिची आयाळ खाजवली. सुई टोचली तेव्हा ती दचकली, पण मान तिने हलवली नाही.

त्या संध्याकाळी बायकोने दारातच त्याचा चेहरा पाहिला. तिने काही विचारलं नाही. पाणी दिलं आणि शेजारी बसून राहिली.

शेजारच्या पिंजऱ्यातला कोल्हाही काकाच्याच ताब्यात होता. लस टोचायची पाळी पुन्हा आली, तेव्हा काकाने स्वतः हाक मारून कोल्ह्याला जाळीशी घेतलं, कानामागे खाजवलं आणि म्हणाला, "टोचा, बाई."

कोल्हा कळवळून पळाला आणि पाठ फिरवून कोपऱ्यात बसला. काका रोज सकाळी जाऊन जाळीशी बसू लागला. कोल्हा बघायचाही नाही. मग एका सकाळी तो उठला, अंग झटकलं आणि येऊन कान जाळीला टेकवला.

काकाची बोटं कोल्ह्याच्या कानामागे फिरत होती आणि डोळे शेजारच्या रिकाम्या पिंजऱ्यावर होते.

"एवढंच होतं होय," तो म्हणाला.