खाजामियाँ कंडक्टरांचे पाच शब्द

माझे आजोबा खाजामियाँ, आमचे दादा, एसटीच्या भूम डेपोत एकतीस वर्षं कंडक्टर होते. त्यांची हाक मी अजून हुबेहूब काढते: नाकातून निघणारं ‘वाऽऽशी’, मग ‘चला, फुडं सरका, मधी हवा खात उभं ऱ्हाऊ नका.’ गल्ली हसायची, दादाही हसायचे. दोन वर्षांपूर्वी मी अशीच हाक दिली, तर ते पिशवी घेऊन दारात गेले आणि गाडी शोधू लागले.

सोलापूरच्या दवाखान्यात कळलं, अल्झायमर. तिथं एका नव्या औषधाची चाचणी सुरू होणार होती. औषधाला अजून नावही नव्हतं, नुसता नंबर. तिथल्या डॉक्टर शिवप्रिया मॅडमनी स्वच्छ सांगितलं, गुण येईलच असं नाही, काहींना औषध नसलेल्या गोळ्याही मिळतील. माझ्या दादीनं, फरिदाबीनं, एवढंच ऐकलं की औषध हाय.

पहिल्या तपासणीत शंभरातून सात वजा करायला सांगितलं. ‘त्र्याण्णव’ म्हणत दादांनी सुट्टे द्यायला हातही पुढं केला. मग पाच शब्द लक्षात ठेवायचे होते. एकही आठवला नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा हीच तपासणी, आणि त्यावर निवड.

आमच्या घरात परीक्षा म्हणजे पास व्हायची गोष्ट. शब्द माझ्या कानात होते, मॅडमचा आवाजही. पांढरी ओढणी एप्रनसारखी पांघरून मी रोज सकाळी समोर बसायचे: ‘आजोबा, नीट ऐका हं.’ तरी शब्द टिकेनात. मग दादीनं ते त्यांच्या जुन्या रूटवर बसवले. भूमला विळा, वाशीला मोगरा, येरमाळ्याला घागर, धाराशिवला पितळ, तुळजापूरला चिमणी. थांबे दादा विसरले नव्हते. आठवड्यात पाचही शब्द गाडीत चढले.

दवाखान्यात त्यांनी ते घडाघडा म्हटले. दादीनं पेढ्यांचा पुडा सोडला. मॅडमनी मागच्या तपासणीचा कागद काढून शेजारी ठेवला. एवढी आठवण असलेल्या माणसाला या चाचणीत घेता येत नाही, म्हणाल्या.

मी सगळं कबूल केलं. तेव्हा पहिल्यांदा माझ्या तोंडून कुणाचाच आवाज निघेना, माझाही धड नाही. मॅडमनी ऐकून घेतलं आणि नियम सांगितला. शब्द पाठ करून घेतले म्हटल्यावर हा कागद बाद, आणि तिसऱ्यांदा तपासायची नियमात सोय नाही.

दादीनं पुडा पुन्हा बांधला. गाठ बसेना.

‘म्हंजी नापास व्हायचं व्हतं व्हय, उम्मे?’ तिनं मला विचारलं.

आता दादा दादीला ओळखत नाहीत. माझी वाशीची हाक ऐकूनही मान वळत नाही. दादी जेवण घेऊन समोर बसली की विचारतात, ‘कुठं जायाचं, बाई?’

सुरुवातीला ती सांगायची, मी फरिदा, तुमची बायको. ते थांब्याच्या नावाची वाट बघत तसेच बसायचे आणि तोंड उघडायचे नाहीत. आता ती घास पुढं करून म्हणते, ‘तुळजापूर.’

‘चिमणी,’ दादा म्हणतात, आणि तोंड उघडतात.