अठ्ठावीस-तीनवर थांबलेली मॅच

माझी मुलगी माझ्याशी इंग्रजीत बोलायची आणि शुक्रवारी आमच्याकडे जेवायला येणाऱ्या इलेक्ट्रिशियनशी मराठीत. मला खुपत होतं ते एवढंच. बाकी जे झालं ते त्यातून झालं, आणि ते मी केलं.

आम्ही तेव्हा आखातात, अल खोरला राहत होतो. मी गॅस प्लँटवर मेंटेनन्सला होतो. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला अजून काही वर्षं होती आणि गावाबाहेर वाळूत नवं स्टेडियम उभं राहत होतं. हा माणूस तिथे वायरिंग करायचा आणि कामगारांच्या कॅम्पात राहायचा. साताऱ्याकडचा, पन्नाशीचा, बायकोमुलं गावी. भाजीच्या दुकानात तो फोनवर मराठी बोलताना माझ्या बायकोने ऐकलं आणि त्याला थेट जेवायलाच बोलावलं. मग दर शुक्रवारी तो यायचा, इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत एक कलिंगड घेऊन.

मुलगी सोळा वर्षांची होती. शाळेतल्या अमेरिकन मैत्रिणींमुळे तिला त्यांच्या फुटबॉलचं वेड लागलं होतं. मी एकदा नियम विचारले, तर म्हणाली, "बाबा, इट्स कॉम्प्लिकेटेड." मी आयुष्यभर कॉम्प्रेसर उघडले, आणि मला हे कॉम्प्लिकेटेड! त्याला मात्र इंग्रजी येत नव्हतं. म्हणून त्याला ती मोडक्यातोडक्या मराठीत, टीपॉयवर शेंगदाणे मांडून समजवायची.

"काका, चार चान्स. चारमध्ये दहा यार्ड पुढे गेले की परत चार भेटतात."

"आन् न्हाई गेलं तर?"

"तर बॉल त्यांना द्यायचा."

"म्हंजे कबड्डीच की ओ ताई, हेल्मेट घालून!"

ती इतकी हसली की शेंगदाणे खाली सांडले. दोघं गुडघ्यावर बसून ते वेचत होते. मी पेपरमागे होतो. माझ्याशी बोलताना ती शेवटची कधी हसली होती, ते आठवत बसलो.

त्या वर्षीची सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची अंतिम लढत, आमच्याकडे सोमवारी पहाटे लागणार होती. तिने ती रेकॉर्डिंगला लावली आणि काकांबरोबर शुक्रवारी बघायचं ठरवलं. तोवर कोणी निकाल ऐकायचा नाही. चार दिवस ती मैत्रिणींपासून पळत होती. मला मात्र सोमवारीच ऑफिसात कळलं होतं, की पंचवीस गुणांनी मागे पडलेला संघ शेवटी जिंकला. बरोबरी होऊन जादा वेळ खेळावा लागला, आणि अंतिम लढतीत तसं पूर्वी कधीच झालं नव्हतं.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर मॅच सुरू झाली. त्याने जो संघ आपला मानला तोच मार खात होता. अठ्ठावीस-तीन झाले.

"ताई, तुझ्या नादानं आमची पार धुलाई झाली."

"थांबा ना काका, अजून टाइम आहे."

तेवढ्यात तिला मैत्रिणीचा फोन आला. मॅच थांबवून ती आतल्या खोलीत गेली. बायको शेजारी गेली होती. आम्ही दोघंच उरलो. पुढे काय होणार ते मला माहीत होतं. ही दोघं सोफ्यावर उड्या मारणार, टाळ्या देणार, आणि मी पेपरमागे. मला ते सहन होईना.

मी म्हणालो, "साडेचारची बस शेवटची आहे आज. आणि ह्या मॅचमध्ये आता राहिलंय काय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. "व्हय साहेब," म्हणाला आणि चपला घालून गेला.

मुलगी बाहेर आली. "काका कुठेत?"

"गेला. कंटाळा आला म्हणाला. काय हा खेळ, म्हणाला."

मी त्याच्या जागेवर बसलो आणि म्हणालो, "चल, आपण बघू." त्याचा संघ हळूहळू गुण भरून काढत गेला, तसा मी आश्चर्याचे आवाज काढत होतो. बरोबरी झाली तेव्हा तिने माझ्याकडे नाही, दाराकडे पाहिलं. जिंकल्यावर टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "ही वॉज जस्ट बीइंग पोलाइट, देन."

पुढच्या शुक्रवारी तो आला नाही. ओव्हरटाइम आहे, असा निरोप आला. त्यानंतरही आला नाही. तिचं मराठीही घरातून गेलं. आज ती परदेशात असते, फोन करते, तब्येत विचारते, सगळं इंग्रजीत.

मागच्या महिन्यात मी त्याचा नंबर मिळवला आणि फोनवर कबूल केलं, की ती बस शेवटची नव्हती.

"ठावं हाय की साहेब. दर शुक्रवारी साडेसहाच्याच बसनं जायचो मी."

तो कोणत्या बसने जातो हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"मग गेलात कशाला?"

"घर तुमचं. तुमी उठ म्हणल्यावर बसायचं कसं?"

मग मी मुलीला काय सांगितलं होतं तेही सांगितलं.

"बसचं काय न्हाई. पर हे पोरीला सांगाय नको हुतं."

मी माफी मागितली. त्याने विचारलं, "कोण जिंकलं हो त्यात?"

मला वाटलं चेष्टा करतोय.

"कॅम्पात कुणी सांगाय लागलं की उठून जायचो. म्हणलं, ताई बोलवंल राहिलेली बघाय."

निकाल माझ्या ओठांवर आला होता. पण तो मी सांगायचा नव्हता. मी म्हणालो, "तीच सांगेल तुम्हाला."

त्याचा नंबर या कागदावर वर लिहून ठेवला आहे. रविवारी तिचा फोन येतो. आधी हे सगळं तिला वाचून दाखवीन, मग नंबर देईन. तिला अडू नये म्हणून सोप्या मराठीत लिहिलं आहे.